ढोलकीची जागा

बाजारहत्नूर
१० जानेवारी १९९९

चि. मोतीराम यास,
रामाजीकाकाचा सप्रेम जय भीम.

नोव्हेंबरात तू येऊन कॉम्प्युटर लावून गेलास. तू होतास तोवर तो शहाण्या मुलासारखा वागला. तू बसमध्ये चढलास आणि त्याने रंग दाखवायला सुरुवात केली. पस्तीस वर्षे शाळेत काढली, असली पोरे मला नवीन नाहीत. पण पोराला वर्गाबाहेर उभे करता येते, याला करता येत नाही.

तक्रार एकच आहे. ढोलकीचा प्रोग्राम उघडतो, पडद्यावर ढोलकीचे चित्रही येते. तू शिकवल्याप्रमाणे ए दाबला की घुमाऱ्याचा, म्हणजे डाव्या पुडीचा आवाज, एस दाबला की शाईचा, डी दाबला की काठाचा. आवाज अगदी खरे आहेत, पुण्याच्या ज्या कोणी वाजवून दिले त्याचा हात गोड आहे. पण ते उशिरा येतात. मी बटण दाबतो, बोट उचलतो, आणि मग ढोलकी वाजते. एकेक थाप असेल तर चालून जाईल. लग्गीसारखे जलद काही वाजवायला गेलो की माझी बोटे पुढच्या गल्लीत आणि आवाज मागच्या गल्लीत.

लकव्यानंतर डावा हात मांडीवर पडून असतो, ते तू पाहिलेस. म्हणूनच तू ही युक्ती काढलीस, की दोन्ही हातांचे काम उजव्या हाताची पाच बोटे करतील. युक्ती चांगली आहे. पण मला ती लवकर जमायला हवी. नागपूरच्या डॉक्टरांनी तुझ्या चंद्रभागामावशीला ऑपरेशनसाठी १५ मार्च ही तारीख दिली आहे. घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्र काढावे लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. हे तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण लिहिल्याशिवाय मला ते खरे वाटत नाही.

तिची स्वतःची चार गाणी आहेत. तीस वर्षे जयंतीला ती गायली आणि मी वाजवले. लोकांनी टेपवर घेतली, पण त्यात लाउडस्पीकरची शिट्टी आणि माणसांचा गलका. नीट आवाज एकदाही धरला गेला नाही. तेवढा धरून दे. बाकी काही मागत नाही.

तुझा,
रामाजीकाका


पुणे
१८ जानेवारी १९९९

ती. काकांस व मावशीस,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. काका, तुमचं मशीन बिघडलेलं नाही. ते आवाज लगेच देत नाही, आधी थोडा साठवून घेतं आणि मग सोडतं. त्या साठवणीला बफर म्हणतात. घरात पाणी रांजणात भरून मग तांब्यानं घेतो ना, तसं. रांजण मोठा असला की भरायला वेळ लागतो, म्हणून तुमचा आवाज उशिरा येतो.

आता असं करा. प्रोग्राममध्ये वरच्या ओळीत शेवटून दुसरं नाव आहे ते उघडा. त्यात एक पट्टी दिसेल. तिच्यावरची खुंटी माउसनं डावीकडे न्या. एकदम टोकाला नेऊ नका, मधोमध ठेवा. मग प्रोग्राम बंद करून परत चालू करा. आवाज लगेच यायला लागेल. आमच्या स्टुडिओत मी हे दिवसातून दहा वेळा करतो.

तुम्ही एसटीडीवरून फोन करायला हरकत नाही, पण दिवसा मालक उचलतो आणि मला निरोप देत नाही.

मावशी, तू काळजी करू नकोस. १५ मार्चला अजून खूप दिवस आहेत. चार गाणी म्हणजे माझ्यासाठी एका दुपारचं काम.

तुमचा,
मोतीराम


बाजारहत्नूर
२७ जानेवारी १९९९

चि. मोतीराम,
जय भीम.

खुंटी मधोमध नेली. उशीर निम्मा झाला. मग मी हावरटपणा करून ती आणखी डावीकडे नेली, तेव्हा उशीर जवळजवळ गेला पण ढोलकीतून कडकड असा आवाज यायला लागला, जणू कोणी आत फुटाणे भाजून राहिले आहे. उजवीकडे नेली तर फुटाणे बंद, उशीर परत. चार दिवस मी ही खुंटी इकडून तिकडे करतो आहे. मध्ये दोनदा लाइट गेली. व्होल्टेज उतरले की कॉम्प्युटर आपोआप बंद होतो आणि पुन्हा उठायला दहा मिनिटे घेतो.

एसटीडीच्या दुकानात जाऊन तुझ्याशी बोलायचे म्हटले तर तिथे मशीन नसते, आणि इथे मशीनसमोर बसतो तेव्हा तू नसतोस. म्हणून पत्रच बरे. निदान दोनदा वाचता तरी येते.

आदिलाबादच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमधले एक गृहस्थ येऊन गेले. त्यांनी सगळ्या तारा हलवल्या, एम् कादु सार, म्हणजे काही होत नाही, असे तीनदा म्हणाले आणि सगळे पुसून नव्याने भरू का, असे विचारले. मी त्यांना चहा पाजून निरोप दिला.

आता दुसरी अडचण सांगतो, ती मशीनची नाही. तू प्रोग्राममध्ये तयार ठेका भरून दिला आहेस, तो एकदा सुरू केला की थांबेपर्यंत वाजतो. काल म्हटले, माझी बोटे राहू दे, या ठेक्यावर गाऊन पाहू. चंद्रभागा दोन ओळी गायली आणि थांबली. ठेका पुढे गेला. ती म्हणाली, ‘‘हे माह्याकडं पाह्यतच नाही. आपलंच चालून राह्यलं.’’ पुन्हा मुखडा धरला, पुन्हा थांबली. मग तिने आत जाऊन भाकरी टाकल्या.

तिच्या आवाजात खरखर वाढली आहे. सकाळी बरा असतो, दुपारनंतर बसतो. मला आता भीती वाटते आहे. काय करू ते कळव.

रामाजीकाका


पुणे
४ फेब्रुवारी १९९९

ती. काका,
जय भीम.

फुटाण्यांचं कारण कळलं. तुमच्या कॉम्प्युटरची ताकद कमी आहे. मी आमच्या स्टुडिओतला जुना आणला, त्याच्यात मेमरी थोडी आहे. रांजण लहान केला की त्याला सारखं धावावं लागतं आणि तो धापा टाकतो. मेमरी वाढवायला हवी, पण ती मी स्वतः येऊन बसवीन आणि मालक मार्चअखेरपर्यंत सुट्टी देत नाही. मी भांडून पाहिलं. कॅसेटची आणि जाहिरातींची गाणी रात्रंदिवस चालू आहेत.

म्हणून आता वेगळा रस्ता. ढोलकी सोडून द्या. आधी मावशीचा एकटीचा आवाज घ्या. ठेका नको, काही नको. माइक तोंडापासून एक वीत लांब, पंखा बंद, खिडकी बंद. प्रोग्राममधलं लाल बटण दाबा आणि गाऊ द्या. सगळी मोठी रेकॉर्डिंगं अशीच होतात, एकेक माणूस वेगळा येऊन आपलं काम करून जातो. ढोलकी मागून कधीही घालता येते.

एक सांगून ठेवतो. तुमचा टेपरेकॉर्डर शेजारी लावू नका. त्याच्या मोटारीची घरघर माइकमध्ये येते आणि मग ती निघता निघत नाही. कॉम्प्युटरवर घेतलं की टेपची गरजच नाही.

मावशीला सांगा, म्हणावं, डोळे मिटून गा. समोर कोणी नाही असं समज.

मोतीराम


बाजारहत्नूर
२१ फेब्रुवारी १९९९

चि. मोतीराम,
जय भीम.

झाले. चारही गाणी झाली.

पहिले तीन दिवस वाया गेले. एकदा लाइट गेली, एकदा शेजारच्या बयनाबाईची शेळी ओरडली, एकदा लाल बटण दाबायचे मीच विसरलो आणि चंद्रभागा विहिरीचे अख्खे गाणे हवेत गाऊन बसली. ती रागावली नाही. मला वाटते, रागवायचीसुद्धा आता ती काटकसर करते.

काल सकाळी सहाला बसलो. लाइट होती. चारही गाणी एका बैठकीत घेतली. मध्ये फक्त पाणी प्यायली. आवाज घोगरा होता, पण सुटला. तू म्हणालास डोळे मिटून गा, ते तिने ऐकले नाही. मला म्हणाली, ‘‘तुमी समोर बसा. तुमी दिसले नाही तं मी कशी गाऊ.’’ म्हणून मी समोर बसलो, नुसताच, हात मांडीवर ठेवून. ती नेहमी गाते तशीच गायली. चारही मिळून एकतीस मिनिटे झाली.

मी नंतर ऐकले. मोतीराम, तीस वर्षे मी तिच्या शेजारी बसून वाजवले आणि तिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता असे वाटले. मी आपला ठेक्याकडे लक्ष देऊन. आता माझी ढोलकी तेवढी त्यावर चढवायची आहे. रोज बोटे घोटतो आहे, पण उशीर जात नाही. तो काढून दे, म्हणजे मी माझे काम पुरे करतो.

ती सध्या गप्प असते. डॉक्टरांनी सांगितले नाही, तिचे तिनेच ठरवले. म्हणते, उरलेला आवाज ऑपरेशनच्या दिवशी नातवंडांची नावे घ्यायला पाहिजे.

रामाजीकाका


पुणे
१ मार्च १९९९

ती. काका,
जय भीम.

शाबास. मी सांगत होतो ना, जमेल म्हणून.

आता तिथे डोकं फोडत बसू नका. कॉम्प्युटरचं झाकण काढा, मागे चार स्क्रू आहेत. आत पुस्तकाएवढी लोखंडी पेटी दिसेल, तिला दोन तारा जोडलेल्या आहेत. ती हार्ड डिस्क. तारा काढा, पेटी सुती कपड्यात गुंडाळा आणि कोणी येणारं असेल त्याच्याबरोबर पाठवा. पोस्टानं नको, आपटतात. सगळी गाणी तिच्यात आहेत. इथे आमच्याकडे मोठी मशीन आहे, मी बघून घेतो. मेमरीचंही पाहतो.

मी येऊ शकलो नाही याची लाज वाटते. मावशीनं मला दहावीपर्यंत जेवू घातलं आणि तिच्या ऑपरेशनला मी नसणार. निदान हे काम मी असं करीन, की ऐकून तिला वाटावं, पोरगा पुण्यात काहीतरी शिकला.

मोतीराम


बाजारहत्नूर
७ मार्च १९९९

चि. मोतीराम,
जय भीम.

आमच्या शाळेचा शिपाई दौलत मुलीकडे पुण्याला निघाला आहे. पेटी त्याच्याजवळ देतो आहे. चंद्रभागेच्या जुन्या पातळात गुंडाळली आहे. दौलतला सांगितले आहे, रस्त्यात उशाला घेऊ नको आणि कोणी मागितली तर दाखवूही नको.

तू उशीर तेवढा काढून पाठव. घाई करू नको, माझे वाजवणे ऑपरेशननंतर करू. ती ऐकू तर शकणारच आहे.

परवा नागपूरला निघतो. उमरेड रोडला अमृतरावांकडे उतरू.

रामाजीकाका


पुणे
२८ मार्च १९९९

ती. काकांस व मावशीस,
सप्रेम जय भीम.

अमृतरावांच्या फोनवरून कळलं की ऑपरेशन नीट झालं. ऐकून स्टुडिओच्या जिन्यात बसून रडलो.

दौलतमामांबरोबर पेटी परत पाठवतो आहे आणि सोबत एक कॅसेट आहे. ती लगेच लावा. काका, तुम्ही उशीर काढ म्हणाला होतात, मी सगळं कामच करून टाकलं. मावशी घरी येईल तेव्हा तयार गाणी तिची वाट पाहत असावीत, असं मनात होतं. अकरा रात्री बसलो. दिवसा मालकाचं काम, रात्री आपलं.

मावशीचा आवाज ऐकून मी गार झालो. पण काका, तिला फार त्रास होत असणार. ओळ गायची आणि थांबायची. कधी सात सेकंद, कधी दहा, विहिरीच्या गाण्यात तर एकदा पंधरा. शब्द आठवत नसतील किंवा दम लागत असेल. लोकांनी तिचं असं अडखळणं का ऐकावं? मी ते सगळे थांबे काढून टाकले. एकेक ओळ ठेक्यावर बरोबर बसवली, आवाज स्वच्छ केला आणि खाली ढोलकी घातली. तीच ढोलकी, जी तुमच्या प्रोग्राममध्ये आहे. एकतीस मिनिटांची बावीस झाली. आता कुठेही खंड नाही. आमचा रेकॉर्डिस्ट म्हणाला, बाई पंचवीस वर्षांची वाटते.

मावशी, मोठा आवाज ठेवून ऐक.

मोतीराम


बाजारहत्नूर
१३ एप्रिल १९९९

चि. मोतीराम,
जय भीम.

आम्ही पाच तारखेला घरी आलो. चंद्रभागा बरी आहे. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेते. खुणेने सगळे सांगते आणि मला कळले नाही की कपाळाला हात लावते.

कॅसेट ऐकली. तू अकरा रात्री जागलास, ते ऐकू येते. ढोलकी उत्तम आहे. आवाज इतका स्वच्छ आहे, की तिचा श्वाससुद्धा कळतो. तुझ्या कष्टाला मी नाव ठेवत नाही, हे आधी समजून घे. पण एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती, कारण ती सांगावी लागेल असे माझ्या डोक्यातच आले नाही. आपल्या गाण्याच्या पार्टीत ती कोणी कोणाला सांगत नसे, आणि जयंतीला तू मंडपामागे लाउडस्पीकर सांभाळायचास, तिथून आमचे एकमेकांकडे पाहणे तुला दिसले नसेल.

ती अडखळत नव्हती. तिची गाणी प्रश्नांची आहेत. विहिरीच्या गाण्यात ती विचारते, पाणी कोणाचे. शाळेच्या गाण्यात विचारते, पाटीवर पहिले अक्षर कोणी काढले. त्याचे उत्तर शब्दांत नाही. उत्तर ढोलकी देते. ती विचारून थांबते, माझ्याकडे पाहते, मी वाजवतो, आणि माझे संपले की ती पुढची ओळ उचलते. कधी मी लवकर संपवतो, कधी रंगात आलो की लांबवतो. ती वाट पाहते. त्या दिवशी मी समोर हात मांडीवर ठेवून बसलो होतो, तेव्हाही ती थांबली, माझ्याकडे पाहिले, मनात माझे वाजवणे होऊ दिले आणि मग पुढे गेली. पंधरा सेकंद थांबली तिथे मी नेहमी दोन आवर्तने जास्त घेतो. तिने तीसुद्धा मोजून सोडली होती.

आता कॅसेटमध्ये तिचे प्रश्न एकामागून एक येतात. कोणी उत्तरच देत नाही. ढोलकी खाली आपली चालत राहते. ऐकून चंद्रभागेने पदर तोंडाला लावला आणि उठून परसात गेली. मागून समोरच्या घरातली तुळजाबाई गेली, तिलाही तिने हाताने परत पाठवले.

पण तू मनाला लावून घेऊ नको, यात बिघडले काही नाही. तुझ्याजवळ आमचे मूळ एकतीस मिनिटांचे असेलच. पेटीत मी शोधले, मला बावीसचेच दिसते. मूळ तेवढे पाठवून दे. त्या मोकळ्या जागा मी भरतो. माझे काम तेवढेच होते आणि ते माझ्यासाठी ठेवलेले आहे.

रामाजीकाका


पुणे
२१ एप्रिल १९९९

ती. काका,

मूळ नाही.

तीन दिवस हेच दोन शब्द लिहून फाडतो आहे. तुमच्या पेटीतल्या फाइलवरच मी काम केलं. एकेक थांबा काढला की त्याच नावानं सेव्ह करत गेलो, म्हणजे लाइट गेली तर मेहनत वाया जायला नको. जुन्यावर नवं बसत गेलं. स्टुडिओच्या मशीनवर एक प्रत घेतली होती, ती दर सोमवारी जागेसाठी पुसतात. मी स्वतःच्या हातानं पुसली. मला वाटलं, काम पुरं झालं, आता त्या अडखळण्याचं काय करायचं आहे.

मुंबईत डिस्कमधलं गेलेलं शोधणारे दोन जण आहेत, दोघांना विचारलं. एकावर एक लिहिलेलं परत येत नाही म्हणाले. मीही विचारायच्या आधी ते जाणत होतो. तुम्हाला टेप लावू नका असंही मीच सांगितलं होतं.

हीच मशीनं मी रोज चालवतो. लोक मला विचारतात आणि मी सांगतो. आज मला कोणाला विचारावं ते कळत नाही. कापलेल्या जागा मी परत ठेवून पाहिल्या, अंदाजानं, सात सेकंद, दहा सेकंद. पण त्या माझ्या जागा होतात, मावशीच्या नाही. किती थांबायचं ते तिलाच ठाऊक होतं.

तुम्ही मला काहीही बोला. मावशीला कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

मोतीराम


बाजारहत्नूर
४ मे १९९९

प्रिय मोतीराम,
मावशीचा जय भीम.

पत्र मी लिहिते आहे म्हणून दचकू नको. हात शाबूत आहे. अंगणवाडीच्या रजिस्टरांनी अक्षर बिघडवलं आहे, तेवढं सांभाळून घे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी तुझे गुरुजीकाका पेन्शनसाठी आदिलाबादला गेले होते. पोस्टमननं माझ्या हातात दिलं आणि मी फोडलं. वाचून मी ते चुलीत घातलं. आधी घातलं आणि मग विचार केला.

मला तुझा राग आला, खोटं कशाला सांगू. दोन दिवस वाटलं, या पोराचं तोंड पाहू नये. मग रात्री जागून काम करणारा तू डोळ्यांपुढे आलास. माझी लाज झाकायला बसला होतास तू, अकरा रात्री. तुला कोणी सांगितलंच नाही, तर तुला कुठून कळणार. माझा गळा गेला त्याचं मी नागपूरलाच रडून घेतलं. पण त्या थांब्यांचं मला अजून सोसवत नाही. ते थांबे गाताना मला त्यांची ढोलकी ऐकू येत होती, चांगली वाजत होती, लकव्याच्या आधीसारखी. ते माझ्यापाशीच राहिलं आणि आता मी ते कोणाला दाखवू शकत नाही.

गुरुजींना काही माहीत नाही. त्यांना वाटतं, मूळ तुझ्याजवळ आहे आणि तू कामात आहेस म्हणून पाठवायला उशीर होतो. रोज सकाळी सहाला ते मशीनसमोर बसतात. तू काढून दिला नाहीस तो उशीर त्यांनी स्वतःच काढला आहे. त्यांनी काय केलं माहीत आहे का, थाप पडायला हवी त्याच्या आधीच बटण दाबतात. किती आधी, ते त्यांच्या बोटांना कळलं आहे. आवाज बरोबर जागेवर येऊन पडतो. सुरुवातीला हात चुकायचा, आता चुकत नाही. परवा विहिरीच्या गाण्याचं उत्तर त्यांनी पूर्ण वाजवलं, ती दोन आवर्तनं जास्तीची घेऊन. पाच बोटांनी. मी दारात उभी होते आणि मला पुढची ओळ उचलायची होती. तोंड उघडलं आणि नुसती हवा आली, तीही गळ्यातून.

ते वळून मला म्हणाले, ‘‘आता मी तयार हाय. मोतीरामचं येऊ दे.’’

सायकलची घंटी वाजली की ते आता पोस्टमनच्या आधी फाटकापाशी असतात. म्हणून हे पत्र मी तुळजाबाईच्या हाती गुपचूप टाकायला दिलं आहे आणि तू उत्तर तिच्याच पत्त्यावर घाल. त्यांना काय लिहायचं ते मला सुचत नाही. खरं लिहिलंस तर त्यांचा उजवा हातही मांडीवर जाऊन पडेल. खोटं लिहिलंस तर ते रोज वाट पाहतील. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला, कुठेच रस्ता लागत नाही.

कोणी सांगायचंच तर मी सांगायला हवं, असं वाटून काल मी धीर केला. बोलता येत नाही म्हणून त्यांनी मला शाळेतली पाटी आणून दिली आहे. ते वाजवत होते. मी शेजारी बसून पाटीवर लिहिलं, मूळ गेलं. मग पुसलं. पुन्हा लिहिलं आणि पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा पेन्सिल टेकवली तेव्हा त्यांनी वाजवणं थांबवून विचारलं, ‘‘काय लिहून राह्यली?’’

मी पाटी त्यांच्यापुढे धरली. तिच्यावर लिहिलं होतं, चहा ठेवू का.

तुझी,
चंद्रभागामावशी